आवाज आहे तोवर

घशाच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी नाटक-सिनेमातले एक नावाजलेले, आता थकलेले नट आणि त्यांची मुलगी बसली होती.

"उद्या ऑपरेशन झालं की आवाज गेलाच समज."

"म्हणून तर म्हणते बाबा, आत्ताच फोनमध्ये बोलून ठेवा."

"काय म्हणू? त्या खुनी वकिलाचा संवाद? थिएटर डोक्यावर घ्यायचे लोक!"

"ते सिनेमात आहेच. मला नुसती हाक मारा. घरातल्यासारखी."

"हाक?"

"हं, चालू केलंय. बोला ना."

"अगं, सतत दौरे, शूटिंग... घरात तुला सगळे काय म्हणायचे गं?"

"आई चिमणे म्हणायची."

"आणि मी?"

"तुम्ही दारातून आईला विचारायचात, 'झोपली का ती?' मी जागीच असायचे, बाबा."