होल्डरचा मणी

मंडळी, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. लोणचं जुनं झालं की मुरतं. तूप जुनं झालं की औषधाला लागतं. मग खोटं? अडतीस वर्षांचं जुनं खोटं! ते मुरून खरं होतं का हो?

अहो, माना हलवू नका! पुढच्या रांगेतले तर मुळीच नका. सौभाग्यवती शेजारीच बसल्या आहेत.

तर ऐका. वैनगंगेला मिळणारा एक नाला. त्याच्या काठी चिखलटोला नावाचं गाव. नाल्याच्या वाळूत सोनं सापडायचं. फार नाही! अख्ख्या उन्हाळ्यात एखाद्याला तुरीच्या डाळीएवढा खडा. पण गावाची रीत अशी, की नवरदेवानं स्वतःच्या हातानं तो खडा शोधायचा, न वितळवता भोक पाडायचं आणि नवरीच्या डोरल्यात मधोमध ओवायचा. पुढे नातीचं लग्न आलं, की आजीचा खडा नातीच्या गळ्यात. आणि नातीच्या हळदीच्या दिवशी, चारचौघांत, सोनार तो पहिल्यांदा कसोटीच्या दगडावर घासून दाखवणार!

आमचे यादोराव लांजेवार वीज खात्यात लाईनमन. लग्नाच्या वर्षी आठ दिवस नाल्यात वाकले. वाळू मिळाली, सर्दी मिळाली — सोनं नाही! नवव्या दिवशी पठ्ठ्यानं काय केलं? बल्बचा पितळी होल्डर घेतला. तुकडा कापला, ठोकला, भोक पाडलं आणि देवकाबाईंच्या गळ्यात! ती माउली खूश. यादोराव गप्प. अडतीस वर्षं गप्प!

आणि आता नात रेणुकाचं लग्न ठरलं. हळदीला उरले वीस दिवस. सोनार दगड घेऊन येणार!

यादोरावांनी नागपूरहून एक यंत्र आणलं. लांब दांडा, खाली ताटाएवढी चकती. जमिनीवरून फिरवायची, खाली धातू असला की वाजते.

"हे काय हो बाप्पा?" देवकाबाईंनी विचारलं.

"जमिनीतली केबल शोधाचं मशीन हाय."

"कोणाची केबल?"

"सरकारची."

"सरकारनं सांगितलं शोधाले?"

"सरकारले अजून माहीत नाही."

मंडळी, एक खोटं एकटं राहत नाही हो. त्याला गोतावळा लागतो!

दुसऱ्या सकाळी यादोराव नाल्यात. यंत्र वाजलं — कुँई! खणलं. निघालं बाटलीचं झाकण. पुन्हा कुँई! बैलाच्या पायाचा नाल. कुँई! खिळा, डबीचं टोपण, कोणाच्या तरी कवळीची तार... पण यादोरावांनी मनाशी पक्कं केलं होतं. वाजलं की खणायचं! निवड करायची नाही, कंटाळायचं नाही.

पुलावर मोडकू भोंडेकर बसलेला असायचा. त्याला दुसरं काम नव्हतं. प्रत्येक गावात असा एक असतो. (आपल्या गावात तो आज कीर्तनाला आलाय, पण नाव घेत नाही.)

"यादोभाऊ! भंगारचं दुकान टाकता का?"

"टाकतो. पहिलं गिऱ्हाईक तूच. कवळी घेऊन जा तुझी!"

खणलेल्या जागची वाळू यादोराव मूठ मूठ उचलायचे आणि चकतीवरून फिरवायचे. सोनं ह्या मुठीत की त्या मुठीत, ते कळावं म्हणून. आणि गंमत ऐका — पहिली मूठ, कुँई! दुसरी, कुँई! प्रत्येक मूठ वाजतेय! ते चाळायचे, निरखायचे, काही दिसायचं नाही, मागे टाकायचे. सोळा दिवसांत मागे ढीग झाला कमरेएवढा. हाताची सालपटं निघाली. पण माणूस हटला नाही.

सतराव्या दिवशी दुपारी देवकाबाई भाकरीचं फडकं घेऊन नाल्यात उतरल्या. दोन-चार मुठी वाजताना त्यांनी पाहिल्या.

"अहो, मूठ रिकामी करा."

"काहून?"

"करा म्हणतो ना. आता फिरवा."

फिरवली. कुँई!

मंडळी! मुठीत काही नाही, तरी वाजलं!

देवकाबाईंनी बोट दाखवलं. यादोरावांच्या मधल्या बोटात, साडेसातीवर उतारा म्हणून घातलेली, घोड्याच्या नालाची लोखंडी अंगठी!

"काढा ते."

"शनी कोपला तर?"

"शनीले मी पाहून घेतो. तुमी काढा!"

साबणानं, तेलानं, शेवटी पाणी आणि शिव्या घालून अंगठी निघाली. पण आता? सोळा दिवसांचा ढीग! ज्या मुठी टाकल्या, त्यांतली एखादी खरी असली तर? दुसऱ्यानं कपाळावर हात मारला असता. यादोरावांनी कपाळाला हात लावलाच नाही. सरळ ढिगाला लावला. पहिल्या मुठीपासून! एक दिवस. दुसरा दिवस. मूठ, चकती, शांतता. मूठ, चकती, शांतता. हळदीच्या आदल्या दुपारी — कुँई!

चिखलाचा गोळा. पाण्यात धुतला. आत पिवळा खडा! ह्याच हातानं तो एकदा मागे फेकला होता. तिथंच बसून त्याला भोक पाडलं.

आता बेत असा, की बायको आंघोळीला गेली की गुपचूप मणी बदलायचा. घरी येतात तर देवकाबाई ओसरीवर बसलेल्या. मांडीवर डोरलं — उसवलेलं! हातात सुई-दोरा.

"सापडली केबल? द्या. ओवतो."

यादोरावांनी खडा मुठीत लपवला. "तुले... माहीत होतं?"

"सोनं हिरवं पडते का हो? अडतीस वर्सं झाली, दर सोमवारी चिंचेनं घासतो!"

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमी कधी बोलता, ते पाहत होतो."

यादोराव तिच्याजवळ बसले आणि मग बोलले. होल्डरपासून केबलपर्यंत, सगळं. शेवटी म्हणाले, "दे तो पितळेचा. नाल्यात टाकून येतो."

तिनं मूठ मिटली. "हा माझा हाय. नातीले सोन्याचा द्या."

हळदीला सोनारानं रेणुकाचा खडा घासला. दगडावर पिवळी रेघ! मोडकूनंसुद्धा मान डोलावली. मग सोनाराची नजर देवकाबाईंच्या गळ्याकडे गेली. "आजी, तुमचा चमकते जास्त! घासून पाहू?"

"नको रे बाबा," त्या म्हणाल्या, "हा घासलेलाच हाय."

तर सांगा मंडळी, खोटं मुरतं का? नाही मुरत! हिरवं पडतं. मूठ रिकामी दिसते आणि बोटातलं लोखंड वाजत राहतं. त्या आवाजात खरं सोनंही आपण मागे फेकतो. यादोरावांनी अंगठी काढली, मग तोंड उघडलं. तुम्ही कधी काढणार?

की आपलं खोटं कोणाला माहीत नाही, असं वाटतंय? ठीक आहे. आज घरी गेल्यावर स्वयंपाकघरात एवढंच विचारा — आपल्याकडे महिन्याला चिंच किती लागते?