आई नको, शकू म्हण

—नको, नको, पाया नको पडूस. ऊठ. ती ओटी तिकडे कोपऱ्यात ठेव, कापूरही नको लावूस. आणि आई नको म्हणू मला. शकू म्हण. शकू नाव आहे माझं, बारशाला आत्याने ठेवलेलं, आता गावात कुणाच्या तोंडात नाही ते. हां, काय म्हणालीस? पोरीच्या छातीत धडधडतं? कॉलेजच्या गेटपर्यंत जाते नि परत येते? हाताला मुंग्या, घाम, आणि वाटतं आता मेलेच? — थांब. दार लाव. कडी घाल. बाहेर खुर्ची टाकून बसलेत ना, ते आमचे मालक. मंगळवारी माणसं आत सोडायचं काम त्यांचं, पण कान इकडेच असतो.

आता ऐक. तुझ्या दिशाला बाहेरचं काही नाही झालेलं. लिंबू नको, दोरा नको. डॉक्टरकडे ने. — अगं, अशी बघतेस काय? देवीकडे आले नि देवी डॉक्टर सांगते, असंच ना? मग ऐक माझं. कुणाला सांगू नकोस. नाही, सांग, सगळ्यांना सांग! — हळू बोलते मी, बाई.

माझ्या पुतण्याची, हितेशची हळद होती. आमच्यात लग्नापेक्षा हळद मोठी — अख्खं गाव मांडवात, डीजे असा की ताटातला भात हलतो. मी हळद लावायला वाकले नि छातीत धाडकन काहीतरी झालं. श्वास आत जाईना, हात थरथरायला लागले, अंबाडा सुटला, ओरडले — मेले, मेले! आणि आमची चुलत सासू काय म्हणाली? 'आई आली गं!' झालं. डीजे बंद, ढोल सुरू. कपाळभर मळवट भरला, सगळे पायावर. मी श्वासासाठी तोंड उघडतेय नि हे विचारतायत, आई, आमच्या पोराला नोकरी कधी? थोड्या वेळाने उतरलं. ते आपोआपच उतरतं, काही केलं नाही तरी उतरतं — पण लोकांनी काय पाहिलं? कापूर ओवाळला नि आई शांत झाली.

नंतर घरातही व्हायला लागलं. बाजारात व्हायचं, रिक्षात व्हायचं, मग होईल होईल म्हणूनच व्हायचं. मी घराबाहेर पडणं सोडलं. आमचे म्हणायचे, 'आई जागा सोडत नाही.' कौतुकाने म्हणायचे, बरं का!

तसं एकदा नेलं त्यांनी कल्याणला, डॉक्टरकडे. छातीची पट्टी काढली, रक्त तपासलं. मला बाहेर बसवलं नि हे आत बोलून आले. मी विचारलं, काय म्हणाले? तर म्हणाले, 'सगळं चांगलं आहे. तुला काही आजार नाही. डॉक्टरच म्हणाले, आमच्या हातातलं नाही हे.' मग मी पण मानलं गं. नवऱ्यावर नाही तर कुणावर विश्वास ठेवायचा?

दोन वर्षं मानलं. आणि मागच्या महिन्यात गुडघा धरला म्हणून त्याच डॉक्टरकडे गेले. माझी लेक योगिनी ठाण्याहून आलेली, तिचा हात धरून गेले — तिचा हात धरला ना, की निम्मं कमी होतं. तर डॉक्टर मला बघून म्हणतात, 'शकूबाई, तेव्हा घाबरण्याच्या आजारावर गोळ्या लिहून दिलेल्या, त्या घेतल्या का? बोलून उपचार करतात त्या मॅडमकडेही पाठवलेलं, तुम्ही गेलाच नाहीत. तुमच्या मिस्टरांना सगळं समजावलेलं.' मिस्टरांना! म्हणाले, घरात चोर नसताना कुत्रा भुंकत सुटतो, तसं तुमचं शरीर करतं, त्याला शिकवता येतं, बरं होतं हे. — बरं होतं! ऐकलंस? दोन वर्षं मी रोज मरून उठत होते नि ह्या माणसाला माहीत होतं की हे बरं होतं.

घरी येऊन विचारलं मी. चिडलेही नाहीत. म्हणाले, 'वेडी म्हणून सांगू का लोकांना? त्यापेक्षा देवी म्हणतात ते काय वाईट?' वेडी नाहीतर देवी — बायको कुठे गेली रे तुझी? जमीन बिल्डरला दिल्यापासून आमच्या ओट्यावर कुणी फिरकत नव्हतं, आता नगरसेवक येऊन खाली बसतो नि ह्यांना नमस्कार करतो. ते सोडवत नाही. गोळ्या आणल्या योगिनीने, त्या काढून घेतल्या. 'नवरात्र होऊ दे, मग घे. नवरात्रात आई आली नाही तर माझं तोंड कुठे दाखवू?' माझा श्वास अडकल्याशिवाय ह्यांचं तोंड दिसत नाही लोकांना! काळुराम नाव आहे त्याचं. काळुराम! तीस वर्षांत नाव घेतलं नव्हतं, आज घेतलं बघ.

म्हणून सांगते, डॉक्टर पोरीला काय सांगतो ते बापाला ऐकायला पाठवू नकोस. भावाला नको, तूही एकटी नको. पोरीला समोर बसव, तिच्या कानाने ऐकू दे. — कोण ते? दार का वाजवताय? नाही झालं अजून! बसा तिथेच! — बघ, ऐकलं त्याने. नाव ऐकलं. आता ढोल वाजवायला सांगेल बघ तो, म्हणजे मी काय बोलले ते सगळं देवीचं होईल... हां. ऐक. लागला ढोल.

आलं गं. येतंय. बोटं बघ माझी — श्वास — नाही, पाणी नको, दार नको उघडू. काही करायचं नाही, उतरतं ते, फक्त इथे बस. जवळ बस. हात दे. अगं हात... वाकतेस काय अशी? आत्ता सांगितलं ना तुला सगळं? हात जोडू नकोस गं. धर. हात धर माझा —