पन्नासात तीन घरं

(झरी गावची शाळा, मे २०२०. आत मुलं नाहीत. बाहेरगावाहून परतलेल्या माणसांना दोन आठवडे इथं ठेवलंय. तारेच्या कुंपणाआत चिमण, बाहेर त्याची बायको चिमी. फाटकाशी खुर्ची टाकून जयश्री, गावची आशाताई.)

चिमी: ...डबा दगडावर ठेवलाय. मी मागं सरले की घे.

चिमण: आणखी किती मागं सरशील? पार चिंचेखाली गेलीस.

जयश्री: काकी बरोबर उभी आहे, काका. तुम्हीच तारेला चिकटलाय. मागं व्हा. आणि मास्क नाकावर घ्या, हनुवटीला ताप येत नाही.

चिमण: बघ, चिमी. माझ्या सख्ख्या भावाची सून. लग्नात माझ्या पाया पडली. आता रोज सकाळी कपाळाला बंदूक लावते.

जयश्री: ताप बघायची आहे ती. आणि इथं मी सून नाही, आशा आहे. घरी आलात की सून.

चिमण: आज डब्यात काय?

चिमी: उघड ना.

चिमण: बोंबील.

चिमी: मग?

चिमण: काही नाही. सात महिने बोटीवर मासेच खाल्ले. बोटी बंद झाल्यावर बंदरात अडकलो तेव्हा डाळ मिळायची, पण ती मीच केलेली. आता कुठं तुझ्या हातची उडदाची डाळ मिळायला लागली होती.

चिमी: डाळीला वेळ लागतो.

चिमण: कालपर्यंत आणत होतीस.

चिमी: कालपर्यंत वेळ होता.

चिमण: जयश्री, हिला काय झालं?

जयश्री: मला नका विचारू. मी खोकला, ताप आणि वास येतो का, एवढंच विचारते.

चिमण: वास येतोय. बोंबलांचा.

चिमी: खा मग.

चिमण: खातो. झोप लागली का, हे तरी विचार.

चिमी: लागली का?

चिमण: तिसरीच्या वर्गात ठेवलंय मला. फळ्यावर अजून मार्चची तारीख आहे. भिंतीवर माणसाच्या पोटातली आतडी काढलेली. उठलो की आधी तीच दिसतात.

चिमी: तिसरीतच शाळा सोडली होतीस ना? बरं झालं, राहिलेली पुरी कर.

चिमण: हसलीस.

चिमी: नाही हसले.

चिमण: मास्क हलला. आमच्या वर्गातला झिपरू दिवसभर फोनवर बातम्या लावतो. काल कोणीतरी सांगत होतं, ऊन वाढलं की हा रोग मरतो. त्याच्या आधल्या दिवशी गरम पाण्यानं मरत होता. आम्ही सगळे घाम पुसत गरम पाणी प्यायलो.

जयश्री: काका, तसं काही सिद्ध झालेलं नाही. हात धुवा आणि लांब बसा, एवढंच खरं.

चिमण: ते ऐकायला कोणाला आवडत नाही ना.

चिमी: लाहूभावजींच्या टीव्हीवरही दिवसभर तेच. आपला उमेश आणि त्याची होणारी बायको दक्षा आकडे बघत बसतात, आज किती वाढले, काल किती होते. मला आकड्यांतलं कळत नाही. मी ती चालणारी माणसं बघते. हायवेनं चाललेली, खांद्यावर पोरं घेतलेली. एक बाई तर माझ्यासारखीच होती. टीव्ही जवळून दाखवायला लागला की मी उठून पुढं जायची.

चिमण: कशाला?

चिमी: त्यात तू आहेस का बघायला.

चिमण: मी बोटीवर होतो. तुला माहीत होतं.

चिमी: माहीत होतं. तरी बघायची.

चिमण: फोनवर हे कधी बोलली नाहीस.

चिमी: फोनवर तू डाळ कशी करायची ते विचारायचास.

चिमण: हो. मीठ आधी की नंतर.

चिमी: रोज तेच. मीठ आधी की नंतर, लसूण ठेचायचा की कापायचा. चौथ्या दिवशी मला कळलं, ह्याला डाळ येते.

चिमण: मग सांगत का राहिलीस?

चिमी: तू विचारत होतास म्हणून.

जयश्री: मी जरा पाण्याची टाकी बघून येऊ का?

चिमी: बस गं तू. असं काही नाही.

चिमण: आमच्या बोटीचा टंडेल म्हणायचा, चिमण, तुझं नवं लगीन झालं की काय. बाकीचे बायकांशी भांडत होते. घरी रेशन नाही, पोरगं ऐकत नाही. आणि मी विचारतोय, लसूण. तो म्हणाला, घरी असताना तरी एवढं बोलतोस का?

चिमी: तू काय सांगितलंस?

चिमण: काही नाही. बोलत नव्हतोच.

चिमी: मग खरं तेच म्हणाला.

चिमण: चिमी, तू रागावली आहेस. रागावलीस की तू डबा ठेवून लगेच जात नाहीस. आधी उभी राहतेस.

चिमी: जाऊ का?

चिमण: नको. सांग.

जयश्री: काका, तुम्ही काल आमच्या सासऱ्यांना फोनवर काय सांगितलंत?

चिमण: लाहूला? उमेशच्या लग्नाचंच बोललो. चांगली बातमी आहे की. पन्नास माणसांत लग्न लावायला परवानगी मिळते म्हणाला. मी रविवारी इथून सुटतो, गुरुवारी मांडव. पाऊस लागायच्या आत दक्षाच्या बापालाही उरकून हवंय.

चिमी: आणि?

चिमण: आणि दक्षाकडची पंचवीस माणसं, आपली पंचवीस.

चिमी: आणि?

चिमण: आणि... आपल्या दोघांचं राहिलेलं लग्न पुढच्या वर्षी.

चिमी: हं.

चिमण: हे मी नाही ठरवलं. लाहूनं भिकीला विचारलं. ती धवलेरी, लग्न लावणार तीच. ती म्हणाली, आईबापाचं लागल्याशिवाय पोराचं लावत नाहीत, रीतच आहे. पण दिवसच असे आहेत. देवापुढं नारळ ठेवू, सूट मागून घेऊ. इतकी वर्षं राहिलं ते आणखी एक वर्ष राहू दे.

चिमी: तू काय म्हणालास?

चिमण: हो म्हणालो.

चिमी: लगेच?

चिमण: बॅलन्स संपत आला होता.

जयश्री: काका, काका.

चिमण: अगं, पण तूच सांग ना, जयश्री. तू शिकलेली. हिचं-माझं लावायचं तर हिच्या माहेरची, वेवजीची माणसं नवरीकडची झाली. हिची आई, तीन भाऊ, भावजया, त्यांची पोरं, मामा. त्यांना नाही कसं म्हणणार? पन्नासात दोन घरं बसतात. तीन कशी बसवायची?

चिमी: मी विचारलं का तुला, कशी बसवायची?

चिमण: तू काहीच विचारत नाहीस. बावीस वर्षांत कधी विचारलं नाहीस. मीच विचारायचो, आणि तू म्हणायचीस, काय करायचंय आता.

चिमी: कधी म्हणाले मी?

चिमण: उमेश शाळेत जायला लागला तेव्हा. मग आपल्या घरावर पत्रे घातले त्या वर्षी.

चिमी: पत्रे घालू की गावाला जेवण घालू, असं विचारलं होतंस. पोराच्या अंथरुणात पाणी पडत होतं. मी काय सांगणार होते, मला नवरी करा?

चिमण: नाही.

चिमी: नाही ना?

चिमण: मला वाटलं, तुला नकोच आहे. आणि आता, पोराच्या मांडवात आपण दोघं हळद लावून बसलेले. गावातली सोमी आणि तिच्या बरोबरच्या बाया तोंडाला पदर लावून हसणार. वाटलं, तुला लाज वाटेल.

चिमी: तुला वाटते का?

चिमण: थोडी.

चिमी: मला नाही वाटत.

जयश्री: मी बोलते आता. सून म्हणून बोलते. काका, माझ्या लग्नातल्या चौकाचे तांदूळ कोणी वाटले होते, माहीत आहे?

चिमण: बायकांचं काम, मला कुठलं माहीत.

जयश्री: काकीनं. गावात कोणाचंही लग्न असो, तांदूळ हीच वाटते. इतकं बारीक दुसऱ्या कोणाला जमत नाही. पण त्या पिठानं भिंतीवर देवाचा चौक लिहायला ही नसते. ज्यांचं लग्न लागलंय त्याच बाया लिहितात. माझ्या चौकात घोड्याचा पाय चुकला, तो हिला दारातून दिसला. बाहेरूनच सांगत होती, जरा वर घे, आणखी वर. उंबरा ओलांडून आत आली नाही.

चिमी: झाली ती गोष्ट, जयश्री.

जयश्री: काल मी तुमच्या घरी गेले होते. उमेशच्या लग्नासाठी भिंत गेरूनं सारवलीय. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, अगदी दाराच्या चौकटीला लागून. एका चौकाला एवढी भिंत लागत नाही, काका.

चिमण: कधी सारवलीस?

चिमी: तू या शाळेत आलास त्या दिवशी.

चिमण: दोन चौकांची?

चिमी: गेरू उरला होता.

चिमण: चिमी.

चिमी: जेव तू. गार झाले की बोंबील चांगले लागत नाहीत.

चिमण: जयश्री, लाहूला फोन लाव. तुझ्याच फोनवरून. लांबूनच बोलतो, स्पीकर लाव.

जयश्री: स्पीकर नको, सगळी शाळा ऐकेल. घ्या, दगडावर ठेवते. नंतर पुसून द्या.

चिमण: हॅलो, लाहू? हो, मीच. बरा आहे. नाही, ताप नाही. ऐक, भिकीला सांग, नारळ राहू दे. हो. दोन्ही लावायची. आधी आमचं, मग पोराचं... माहीत आहे मला पन्नास. दक्षाकडची वीस करू, तिच्या बापाशी मी बोलतो. वेवजीची वीस. आपली दहा... हो, दहाच. तू, तुझ्या घरची, भिकी. लडक्याला राग येईल? येऊ दे. त्याला नंतर घरी जाऊन ताडी पाजू. मलाही माहीत आहे तो माझा मित्र आहे... नाही, कोणी शिकवलं नाही. माझं मीच बोलतोय. ठेव.

जयश्री: काय म्हणाले?

चिमण: म्हणाला, काल तर हो म्हणाला होतास. मी म्हटलं, काल चुकलं. झालं, चिमी. गुरुवारी दोन्ही.

चिमी: हं.

चिमण: आता काय?

चिमी: काल मला न विचारता नको म्हणालास. आज मला न विचारता हो म्हणालास.

चिमण: अगं, पण तुझ्याच मनासारखं...

चिमी: आणि बावीस वर्षांपूर्वी? वीटभट्टीवरचं काम संपलं, सगळे आपापल्या गावच्या गाडीत चढले. तू आपल्या गाडीत जागा धरलीस आणि नुसता सरकलास. मी चढले.

चिमण: सरकलो म्हणजे विचारलंच की.

जयश्री: अय्या. खरंच एवढंच?

चिमी: एवढंच. वेवजीला आईला आठ दिवसांनी कळलं. कोणीतरी बाजारात सांगितलं तिला.  पुढच्या महिन्यात कोंबडी घेऊन आली, मला बघून गेली. आजपर्यंत तिच्या दारात येऊन मला कोणी मागितलं नाही.

चिमण: ती मला कधी काही म्हणाली नाही.

चिमी: मलाही म्हणाली नाही. माझ्या धाकट्या बहिणीला मागायला माणसं आली तेव्हा मी तिथं होते. आईनं अंगण सारवलं, शेजारून खाट आणली. दिवसभर नुसती इकडून तिकडं. तिला असं कधी बघितलं नव्हतं मी.

चिमण: मग मी कोणाला विचारायचं? तुला की तिला?

चिमी: मुलीच्या घरी जाऊन विचारतात.

चिमण: मी इथं कोंडलेला. वेवजीला कसा जाऊ?

चिमी: ते मला काय माहीत.

जयश्री: काका, रविवारपर्यंत कुंपणाबाहेर पाय नाही टाकायचा. सून म्हणूनही सांगते आणि आशा म्हणूनही.

चिमण: नाही टाकत. चिमी, तुझ्या आईकडे फोन आहे ना?

चिमी: भावानं दिलाय एक.

चिमण: नंबर दे.

चिमी: काय सांगणार आहेस तिला?

चिमण: सांगणार नाही. विचारणार.

चिमी: काय म्हणून?

चिमण: हिरीआये, मी झरीचा चिमण. तुझी मुलगी मला देशील का?

चिमी: ती म्हणेल, बावीस वर्षं झोपला होतास का?

चिमण: हो म्हणेन.

चिमी: शिव्या देईल.

चिमण: ऐकेन. मला इथं दुसरं काम काय आहे?

चिमी: आणि नाही म्हणाली तर?

चिमण: तर उद्या पुन्हा लावेन. परवा पुन्हा. डाळीचं नाही का रोज विचारत होतो?

जयश्री: काकी, सांग नंबर. मी लावून देते.

चिमी: आता नको लावू. सकाळची ती करवंदं काढायला रानात असते, फोन घरी फळीवर ठेवून जाते. ऊन उतरलं की कर.