ताईनं दगडावरून काढलेलं नाव

जमलेल्या सगळ्यांना जय भीम, नमस्कार.

मी कुंदा. यशोधराताईची धाकटी बहीण. ताईला जाऊन पंधरवडाही झाला नाही. आणि खरं सांगू? तुमच्यासमोर तर अजिबात बोलायचं नव्हतं. पण इथे बसून जे ऐकलं, त्यानंतर गप्प राहणं जमायचं नाही.

काय काय ऐकलं! ताईनं दगडात जीव ओतला म्हणे. दगडाला बोलतं केलं म्हणे. अहो, ताई असती तर उठून गेली असती. ती म्हणायची, "मी कोण जीव ओतणारी? दगडाले त्याचं चालवायचं असते, काचेले तिचं. मी दोघाले एका जागी आणते, बस."

या संस्थेच्या आवारात तिचं शिल्प आहे. होतं, म्हणते मी. काळा दगड तिनं पाचरी ठोकून उभा चिरला. भेग जशी वळली तशी काच भट्टीत वितळवून घडवली, भेगेत बसवली. तुमच्या समितीला तोंडावर सांगितलं, "आपल्याकडचं ऊन हाय. दगड वेगळा तापते, काच वेगळी. काच तडकू शकते. पडणार नाई, मी तशी धरली हाय. तडकली तर तडकू द्या. ते तिचं काम हाय." सगळ्यांनी माना डोलावल्या. डोलावल्या होत्या ना, मंडळी?

दुसऱ्याच उन्हाळ्यात काच तडकली. वरपासून खालपर्यंत एक रेघ. दुपारचं ऊन त्या रेघेत शिरलं की काळ्या दगडावर उजेडाची बारीक फांदी उमटायची. ताई पवनारच्या घरून बसनं यायची, पाहत बसायची. "आता झालं पुरं," म्हणायची.

आणि तुम्ही? तुम्हाला फुटकी काच दिसली. अपशकुन दिसला! आमच्या बापानं शकुन-अपशकुन घराबाहेर काढले, आणि त्याच्या लेकीच्या कामात तुम्ही ते शोधून काढलेत. शाबास! तिला न विचारता काच फोडून काढलीत. तिच्या जागी प्लास्टिकचा पत्रा. आत रंगीत दिवे. लाल, हिरवा, लाल, हिरवा. लग्नाच्या मंडपाला शोभेल असं.

ताई म्हणाली, माझं नाव काढा. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. "बघू," म्हणालात. मग एका सकाळी ती छिन्नी-हातोडा घेऊन आली. मी सोबत होते. मांडी घालून खाली बसली आणि दगडावरचं स्वतःचं नाव छिनायला लागली. रखवालदार धावत आला.

"काऊन तोडून राह्यल्या, बाई?"

"तोडून नाई राह्यली, भाऊ. जे माझं नाई, त्याच्यावरून माझं नाव काढून राह्यली."

तो बाजूला झाला. तुम्ही खिडकीतून पाहत होतात. एकजणही खाली उतरला नाही. परतीच्या बसमध्ये ताई रडली. हातोड्याखाली बोट चेचलं तरी न रडणारी माझी बहीण रडली.

आज मागच्या फलकावर, तिच्या फोटोशेजारी, तेच दिव्यांचं खोकं छापलंय. छापणाऱ्याचा काय दोष! फोटो देणारे पहिल्याच रांगेत बसलेत.

आत्ता माईककडे येताना अध्यक्षसाहेब कानात म्हणाले, "पवनारच्या अंगणातलं शेवटचं शिल्प संस्थेला देताय, तेवढं जाहीर करून टाका."

तर जाहीर करते. देत नाही.

तिथंही दगड आहे, काच आहे. मागच्या महिन्यात आम्ही जेवत होतो, अंगणात टक् असा आवाज आला. ताई उष्ट्या हातानं पळाली. "कुंदे, ये, ये! पाह्य, रेघ कुठून गेली ते!" लहान मुलीसारखी हसत होती. ते शिल्प तिथंच राहील, उन्हात, पावसात. आणखी तडकेल. ज्याला पाहायचं त्यानं यावं, हात लावून पाहावं, चहा मिळेल. सुधारायला मात्र कोणी येऊ नये.

आता उभं राहू या. दोन मिनिटं. कोणी काही बोलू नका. ज्यांनी ती काच काढायला लावली, त्यांनीही उभं राहावं. बसून राहायची सवलत मी कोणालाही देत नाही.

ताई, जय भीम.