जुन्या पालिकेसाठी फाडलेल्या तेवीस पावत्या

दि. २९ मार्च २०२३, सकाळी ११.२०

मी, भगवंत रखमाजी घोलप, वय ७४ वर्षे, धंदा सध्या काही नाही, पूर्वी नगरपालिकेत पाणीपट्टी वसुली कारकून, राहणार बाजारपेठेमागे, ता. जुन्नर, जि. पुणे. आज आपल्या पायांनी पोलीस ठाण्यात येऊन हवालदार श्रेया मॅडम यांच्यासमोर बसून सांगतो ते असे.

लाकडी फळ्यांवर एकतीस पोरांचे पाय एकदम आपटल्याचा आवाज. प्रकरण तिथून सुरू होते, म्हणून तिथून सांगतो. सन १९५९ साली नगरपालिकेच्या इमारतीत खाली कचेरी होती आणि वरच्या मजल्यावर आमचा चौथीचा वर्ग भरत असे. सोमाजी गुरुजी कविता स्वतः रचून शिकवीत. ओळ संपली की उजवा पाय आपटायचा. मग खालून हेडक्लार्क छत्रीच्या टोकाने छताला ठोसे मारीत आणि गुरुजी म्हणत, "ऐकलंत? साहेबांनीसुद्धा ठेका धरला." कविता अशी होती :

ऊठ पाखरा, उघड पापणी, शिवार झाले जागे,
नांगर गेले बांधावरुनी, तूच कसा रे मागे.

पुढील दोन ओळी जबाबात घेता येत नाहीत असे मॅडमनी सांगितल्यावरून मुद्द्यावर येतो.

ती इमारत चार वर्षांपासून गळत आहे. कचेरी भाड्याच्या गाळ्यात गेली. दुरुस्तीसाठी सरकारचा निधी मंजूर झाला, परंतु दहावा हिस्सा लोकवर्गणीतून ३१ मार्चपर्यंत बँकेत भरायचा, नाहीतर निधी परत, अशी अट आहे. निधी परत गेल्यास इमारत पाडून तेथे दुकाने काढायची असे ठरले आहे. म्हणून नागरिकांची समिती झाली. पाणीपट्टीसाठी मी तीस वर्षे लोकांची दारे वाजवली असल्याने पावतीपुस्तक क्रमांक चार माझ्याकडे देण्यात आले. ते शिक्क्याचे आहे, घरी छापलेले नाही.

दि. २ मार्च रोजी दुपारी मी डिंगोरे येथे सुदर्शन गोरख उकिर्डे यांच्या खत-बियाण्याच्या दुकानी गेलो. यातील तक्रारदार ते हेच. त्यांचे वडील गोरख माझ्या वर्गात होते. ते आठ वर्षांपूर्वी वारले. सुदर्शन यांनी मला चहा पाजला आणि म्हणाले, "तात्या, पाडा ती बिल्डिंग. पयला गाळा मी घेतो. दुरुस्तीला मातर रुपया नाय सुटणार."

मी म्हटले, "अरे, बाप तुझा तिथं शिकला."

"शिकला न् काय झालं? चौथीतनंच काढला की गुरं वळायला. त्याचं कौतुक मी करू व्हय?"

गोरखला काढला त्या दिवशी त्याची पाटी मी माझ्या दप्तरात ठेवली होती, तो परत येईल म्हणून. चहा पिऊन मी निघालो. आमच्यात भांडण झाले नाही.

दि. १२ मार्च रोजी यात्रा होती. यात्रेत वर्गणी पुकारण्याची आमच्याकडची रीत मॅडमना ठाऊक नाही, त्या सोलापूरकडच्या आहेत, म्हणून सांगतो. माईकवरून देणाऱ्याचे नाव आणि आकडा पुकारतात, मागून वाजंत्री वाजते. आधी पुकारा, पैसे नंतर. आणि यादीत नाव घरातल्या वडीलधाऱ्याचे असते. तो वारला तरी नाव निघत नाही. पोरगा भरतो, नातू भरतो, नाव त्याचेच चालते. आमच्या यादीत माझे आजोबा अजून दरसाल वर्गणी देतात. ते सन १९५१ साली वारले.

त्या दिवशी पंचांनी अर्धा तास माईक मला दिला. माझ्या खिशात चौथीच्या हजेरीपटाची नक्कल होती. एकतीसपैकी आठ हयात आहेत. त्या आठांनी आपापली वर्गणी आधीच भरली होती. उरलेली तेवीस नावे मी हजेरी घेतल्याप्रमाणे एकेक पुकारली, प्रत्येकी एक हजार एक रुपये. खोडदचा जानकू, आणे गावचा भागू, डिंगोऱ्याचा गोरख. कोणाच्या घरी विचारले नव्हते. पावत्याही त्याच नावांनी फाडल्या. त्यावर 'स्मरणार्थ' लिहायला हवे होते हे मला काल समजले. यात्रेच्या यादीत तसे कोणी लिहीत नाही, म्हणून मीही लिहिले नाही. ही चूक माझी एकट्याची आहे, समितीची नाही.

तेवीस हजार तेवीस रुपये कोणी भरले असे विचारता, मी भरले. कोठून आणले असे विचारता, कपाटातून. ते पैसे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ठेवले होते असे माझी मुलगी उज्ज्वला हिने आपणास सांगितले असल्यास ते खरे आहे. दुसरा डोळा चांगला आहे.

पावती क्रमांक सतरा कोणाची असे विचारता, लंका सोमाजी डोके हिची. ती गुरुजींची मुलगी. पहिल्या बाकावर बसे आणि पाय सगळ्यांत आधी आपटे, म्हणून बापाच्या हातच्या छड्या खाई. ती माझी पत्नी. तिची पावती मी माझ्याच पत्त्यावर फाडली आहे. त्या पावतीबद्दल कोणाची तक्रार नाही.

यात्रेनंतर डिंगोऱ्यात लोकांनी सुदर्शन यांना दुकानात येऊन डिवचले. "काय शेठ, बापाच्या नावानं हजारावर एक? खताच्या गोणीला बी जास्त पडत्यात राव!" असे बोलले. दुकान भरलेले असताना हे घडले. मी नकार ऐकून गेलो होतो आणि दहाव्या दिवशी त्यांच्या वडिलांचे नाव भोंग्यावर घेतले, म्हणजे त्यांना वाकवण्यासाठी मुद्दाम केले, असे त्यांचे म्हणणे आहे. मुद्दाम केले का असे मला विचारण्यात आले. तसे नाही. परंतु नाव पुकारताना गर्दीत सुदर्शन कुठे दिसतो का म्हणून मी पाहिले, हेही खरे आहे. ते लपवून सही करणार नाही. त्यांना जो त्रास झाला त्याबद्दल मी आत्ताच, ते समोरच्या बाकड्यावर बसलेले असताना, हात जोडून माफी मागितली आहे.

मयतांच्या नावे पावत्या म्हणून पावतीपुस्तक आणि रक्कम चौकशी होईपर्यंत ठाण्यात जमा करावी लागेल असे ठाण्याच्या साहेबांनी काल सांगितले. उद्या रामनवमीची सुट्टी आहे. परवा शेवटचा दिवस. रक्कम अडकली तर हिस्सा पुरा होत नाही आणि निधी परत जातो. माझी विनंती आहे की मला हवे तितके दिवस बसवून ठेवावे, पण पैसे बँकेत जाऊ द्यावेत. काल हीच विनंती केली तेव्हा साहेबांनी सांगितले की तेवीसही घरच्या वारसांनी नाव ठेवण्यास हरकत नसल्याचे लिहून दिले तर त्यांची काही अडचण नाही. कालपासून मी आणि उज्ज्वला रिक्षा करून फिरलो. माझ्यासह बावीस घरांचे कागद सोबत जोडले आहेत. आण्याच्या भागूच्या सुनेने कागदाबरोबर शेंगाही दिल्या, त्या उज्ज्वलाजवळ आहेत. तेविसाव्या कागदावर सही करण्यास सुदर्शन यांनी आत्ता पुन्हा नकार दिला. म्हणाले, "तात्या, तुमी वाईट नाय. पण माझ्या बापाचं नाव मला न इचारता कुनी घ्यायचं नाय." त्यांचे हे म्हणणे मला चुकीचे वाटत नाही.

याउपर मला काही सांगायचे नाही. वरील मजकूर मॅडमनी मोठ्याने वाचला, मी कान देऊन ऐकला, बोललो तेवढेच आणि तसेच उतरले आहे.

सही करण्यासाठी पेन घेतले असता दुपारी १२.४० वाजता ठाण्याच्या दारात एक वयस्क बाई येऊन उभी राहिली. सुदर्शन ताडकन उठले. "आई? तू हितं कशी?"

"एश्टीनं," ती म्हणाली. नाव विचारता कुशाबाई गोरख उकिर्डे असे तिने सांगितले. मी तिला तिच्या लग्नानंतर आज प्रथमच पाहिले. तिने माझ्याकडे पाहिले नाही. मुलाकडे पाहून म्हणाली, "घराचं नाव पुकारल्यावं घरानं व्हय म्हनायचं असतं. तुला सांगायचं ऱ्हायलं, ती चूक माझी."

मग तिने कमरेची पिशवी सोडून हजार एक रुपये मॅडमच्या टेबलावर ठेवले. "हे भगवंतभाऊंचं त्यांना माघारी द्या. आमच्या मालकाचं आमी भरू." आणि उजवा अंगठा पुढे धरून विचारले, "वारस मी बी हाये ना? मग शाई कुठाय?"

हेही लिहून घ्यावे अशी मी विनंती केली. ते लिहून घेतल्यावर सही केली.