दारापर्यंतची तार

(चौसाळ्याजवळच्या एका वस्तीचं समाजमंदिर.)

धोंडीराम : लिहा, जिनतताई. बारा नोव्हेंबर, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. उपस्थिती सात.

जिनत : सातच? काका, आमच्या संस्थेचा निधी लहान असला, तरी त्यातून काय करायचं ते सगळ्या वस्तीनं मिळून ठरवायचं असतं.

धोंडीराम : हीच सगळी वस्ती. बाकीचे ऊसतोडीला गेले. फाल्गुनात परततील. तोपर्यंत इथे साठीच्या आतले कोणी नाही.

छबुबाई : कुत्री हायेत की दोन-चार. त्यांचा बी अंगठा घ्या.

धोंडीराम : वहिनी, कामकाज चालू आहे. ताई, मी अंबाजोगाईला विजेची पदविका घेतली आणि पुढे जन्मभर खांबांवर काम केले. ही योजना त्या अनुभवातून आखली आहे. प्रत्येक घरात उशाशी एक बटण. माझ्या घरी फळीवर प्रत्येकाच्या नावाचा दिवा. सकाळी सहाला ज्याने त्याने बटण दाबावे. दिवा लागला, म्हणजे माणूस ठीक.

जिनत : आणि नाही लागला तर?

धोंडीराम : तर जाऊन पाहायचे. दिवाळीनंतर आमच्या भिवराबाई गेल्या. एकट्याच राहत होत्या. तिसऱ्या दिवशी कळले, तेही शेळी ओरडत राहिली म्हणून. असे पुन्हा होऊ नये.

जिनत : या अल्ला. मावशी, तुमचं काय म्हणणं?

छबुबाई : मला दुसरं पायजे. हितं समाजमंदिरात एक शेगडी, दोन पातेली. भाकरी ज्याची त्यानं आणायची, कोरड्यास, कालवण म्हंजी, तेवढं एक. सांच्याला समद्यांनी संगं बसायचं. चाँदभाईला लई तिखट लागतं, मला दात न्हाईत. हून द्या भांडणं.

धोंडीराम : जेवण ज्याच्या त्याच्या घरी शिजतेच. प्रश्न जेवणाचा नाही, सुरक्षिततेचा आहे.

छबुबाई : भिवरा मेल्याली तीन दिस कुणाला दिसली न्हाई म्हंता. त्याच्या आधी म्हैनाभर जित्ती तरी कुणाला दिसली हुती?

जिनत : दोन्ही कामं निधीत बसणार नाहीत. एकच निवडावं लागेल.

धोंडीराम : दिव्यांची चाचणी झालेली आहे. वहिनींच्या घरापासून माझ्या घरापर्यंत तार ओढून पाहिली. योजना चालते.

छबुबाई : चालती? सोमवारी मला ताप हुता. उठवत न्हवतं. बटन उशालाच. दाबलं. तुमचा दिवा लागला का न्हाई?

धोंडीराम : लागला.

छबुबाई : म्हंजी मी ठीक. तांब्याभर पाणी द्याया कुणी न्हाई, अन् मी ठीक.

धोंडीराम : ती त्रुटी मान्य. आजारपणासाठी वेगळे बटण बसवता येईल. लाल दिव्याचे.

छबुबाई : अन् गुरवारचं? लेकराला गुरवारचं सांगा की.

धोंडीराम : गुरुवारी दिवा लागला नाही.

जिनत : मग तुम्ही बघायला गेलात?

धोंडीराम : तत्काळ. टेस्टर घेतला, खांबापासून तार तपासली, प्रत्येक जोड उकलून पाहिला. तार निर्दोष होती.

छबुबाई : मी जागीच हुते. मुद्दाम दाबलं न्हवतं. म्हनलं, बगू तरी कोन येतंय. अंगणात पाय वाजले. मी पदर सारखा केला, च्याचं आधण ठिवलं.

जिनत : मग?

छबुबाई : मग काय! गड्यानं चौकटीवरचा तारेचा खिळा ठोकला अन् गेला माघारी.

धोंडीराम : आत भांडे वाजले, वहिनी. मी ऐकले. त्यावरून आपण ठीक आहात असा निष्कर्ष काढला.

छबुबाई : दार कावून न्हाई वाजवलं?

जिनत : काका?

धोंडीराम : वाजवले असते, तर आपण उघडले असते. मग काहीतरी बोलावे लागले असते. पत्नी रुक्मिणी होती तेव्हा कुणाच्याही दारात बोलायची तीच. मी मागे उभा राहत असे. आता सुरुवात कशी करतात, ते मला ठाऊक नाही.

छबुबाई : भाऊजी, म्हणायचं, "वहिनी, च्या हाय का?" एवढंच असतंय.

धोंडीराम : ताई, मतदान घ्या.

जिनत : ठीक. हात वर करा. आधी मावशींच्या शेगडीसाठी. चाँदचाचा, डुलक्या नंतर. हां. शेगडीला सहा. आता दिव्यांसाठी.

छबुबाई : करा की वर, भाऊजी. तुमचंच काम हाय. कुणी हसनार न्हाई.

जिनत : काका, एकच हात असला तरी मी लिहून घेईन.

धोंडीराम : नको. लिहा, ताई. दिव्यांना शून्य.