मला निवडून घ्या

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आज पद सोडणाऱ्या आपल्या नगराध्यक्षाबाई, शेजारी बसलेल्या त्यांच्या जाऊबाई आणि सभागृहात दाटीवाटीनं बसलेल्या बंधुभगिनींनो,

बाईंच्या निरोपाला विरोधी पक्षाचा माणूस बोलायला उभा राहिला, म्हणून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. साहजिक आहे. पाच वर्षं मी यांच्याशी कडाकडा भांडलो. आता भांडायचं कुणाशी, ही माझी खरी पंचाईत आहे.

मागची निवडणूक आठवते ना? आमच्याकडे ड्रोननं काढलेले व्हिडिओ होते, गाणी होती, हात जोडलेला माझा फोटो सारखा तुमच्या मोबाइलवर येऊन आदळत होता. बाईंकडे काय होतं? शिवणकामाचं दुकान आणि या जाऊबाईंचा फोन. जाऊबाईंनी चष्मा न लावताच फेसबुकवर पहिली पोस्ट टाकली. लिहायचं होतं, 'मला निवडून द्या'. लिहिलं गेलं, 'मला निवडून घ्या'.

झालं! बाईंचा चेहरा वांग्यांच्या ढिगात बसवून आमच्या कार्यकर्त्यांनी गावभर फिरवला. जाऊबाई रडकुंडीला आल्या. "ताई, काढून टाकते हो ते." बाई म्हणाल्या, "राहू दे गं. वांगं घेताना लोक उलटसुलट करून बघतात, कीड नाही ना म्हणून. मलाही बघू देत." आणि खाली लिहिलं, काय विचारायचं ते विचारा. लोकांनी विचारलं. खोचक विचारलं, घरचंही काढलं. बाई मशीन थांबवून उत्तरं देत बसल्या. माहीत नसलं की सरळ लिहायच्या, 'माहीत नाही, विचारून सांगते'. आमच्या पेजवर मात्र कॉमेंट्स बंद. निकालात आम्ही कसे आपटलो, ते मी काय सांगू? तुम्हीच तर आपटलंत.

निवडून आल्यावरही ते पेज चालू राहिलं. नळाला गढूळ पाणी आलं की लोक आधी तिथे लिहायचे, आणि तिथे उत्तर मिळायचं. या गावाला विचारायची सवय लागली. मला त्याचं फार बरं वाटतं.

बाई आता उभ्या राहणार नाहीत. मी राहणार आहे. माझा प्रचार बघणारी मंडळी म्हणतात, "साहेब, कॉमेंट्स बंदच ठेवा. एक उत्तर चुकलं तर निवडणूक हातची जाईल." त्यांचं खोटं नाही. पुन्हा हरलो तर पक्ष मला कायमचा घरी बसवेल. भीती वाटते हो. तरी आज इथे निघताना मी माझं पेज सगळ्यांसाठी खुलं केलं.

पहिला प्रश्न मघाशी पाहुण्यांच्या भाषणात आला. पाहुण्यांनी माफ करावं, मी फोन बघत होतो. विचारणाऱ्या याच, गळ्यात हार घालून शांत बसलेल्या. लिहितात, "भाऊ, हरलात तर हे पेज चालू ठेवणार का?"

बाई, सगळ्यांसमोर सांगतो. ठेवणार. हरलो तरी ठेवणार.

विरोधकाच्या हाती माइक देण्याचं धाडस आयोजकांनी केलं, आपण ऐकून घेतलंत, मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि घालवत नसेल, तर आता लिहायला जागा आहे.